ऑनलाइन सातबारा १५ रुपये, पुण्याचं मालमत्ता पत्रक १३५. नोंदी जनतेच्या, मग फी कशाची?

गुलटेकडी (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न साधा आहे. सातबारा, आठ अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), मालमत्ता पत्रक, फेरफार (हक्कबदलाची नोंद), सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू) या सगळ्या सार्वजनिक नोंदी. लिहिणाऱ्याचा पगार आपल्या करातून, संगणकीकरण करातून, सर्व्हरसुद्धा करातून. तरी डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये, आठ अ १५ रुपये. मालमत्ता पत्रकाची तर तऱ्हाच वेगळी. ग्रामीण भागात ४५, नगरपालिका हद्दीत ९० आणि महापालिका हद्दीत १३५. पीडीएफ तीच, सही तीच. पुण्याच्या पत्रकाला चांदीचा वर्ख लावून देतात का?

कारकून बसून नक्कल करायचा, ती ताडून बघायचा, तेव्हा नक्कल फी समजण्यासारखी होती. आता बटण आपणच दाबतो, छपाई आपल्याच शाईने. माझं मत असं की एकही पैसा घेऊ नये. तुमचं काय? आणि यातलं काय काय फुकटात मिळतं?

तिरकस
चांदीचा वर्ख पेढ्याला. पत्रकाला फक्त कॅप्चा.

गटनंबर
आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. नोंद बघणं आणि नोंदीची सही असलेली प्रत घेणं. तुमच्या प्रश्नात त्यांची खिचडी झाली आहे.

महाभूलेखवर, म्हणजे राज्याच्या भूमि अभिलेखांच्या साइटवर, विनास्वाक्षरी सातबारा, आठ अ आणि मालमत्ता पत्रक फुकट दिसतं. विभाग पुणे, मग जिल्हा, तालुका, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, मोबाइल नंबर, कॅप्चा. त्यावर फक्त माहितीसाठी असल्याचा शेरा असतो, शासकीय किंवा न्यायालयीन कामाला चालत नाही. पण जमीन कुणाच्या नावावर, इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, कुळाची नोंद आहे का, हे बघायला तो कागद पुरेसा आहे. पंधरा रुपये आहेत ते सहीचे.

गुलटेकडी
मान्य. पण सहीसुद्धा यंत्रच करतं ना? तलाठी प्रत्येक वेळी अंगठा लावायला बसत नाही.

गटनंबर
बसत नाही. पण त्या सहीमागे नोंद प्रमाणित करणारा अधिकारी असतो. चुकीची निघाली तर जबाबदार कोण, हे त्या सहीवरून ठरतं. खाली १६ अंकी पडताळणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. बँकेत किंवा कोर्टात समोरचा माणूस तो क्रमांक टाकून खातरजमा करू शकतो. तलाठ्याचा शिक्का वेगळा लागत नाही.

फाइलचोर
फीला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ३२७ बघा. नकाशे आणि भूमि अभिलेख जनतेला पाहायला खुले, प्रमाणित उतारे द्यायचे, पण नियमांप्रमाणे आणि ठरलेली फी घेऊन. त्यासाठी १९७० चे पाहणी, शोध आणि नकला पुरवण्याचे नियम आहेत. म्हणजे फी पोर्टलबरोबर आलेली नाही. पोर्टलने ती फक्त खिडकीवरून वॉलेटमध्ये, म्हणजे पोर्टलवर आगाऊ पैसे भरायच्या खात्यात नेली.

दस्तांचंही तसंच. नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७. पुस्तक क्रमांक १ आणि २ व पुस्तक १ च्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्ये असल्यामुळे तुमच्या इमारतीचं खरेदीखत शेजारी बघू शकतो. मृत्युपत्र पुस्तक ३ मध्ये. ते करणारा हयात असेपर्यंत त्याच्याखेरीज किंवा त्याच्या मुखत्याराखेरीज कुणाला प्रत मिळत नाही. ‘सासऱ्यांनी काय लिहून ठेवलंय’ हे ऑनलाइन दिसतं का, असा धागा इथे दर सहा महिन्यांनी निघतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

तिरकस
माझा पुढचा धागा बुडवलात, फाइलचोर.

कॅम्पातली_ताई
१३५ भरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. निम्मे लोक ते विनाकारण भरतात. मालमत्ता पत्रक जमिनीचं असतं, सदनिकेचं नाही. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) किंवा मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) होऊन त्याची नोंद झालेली नसेल, तर पत्रकावर मूळ जमीनमालकाचं किंवा विकसकाचं नाव असणार. फ्लॅटवाल्याचं नाव तिथे शोधून सापडायचं नाही. फ्लॅटवाल्याला बहुतेक वेळा हवी असते ती सूची क्रमांक दोन. तिचा पोर्टल वेगळा, खातं वेगळं. सातबारा आणि पत्रक जमाबंदी आयुक्तांकडे, दस्त नोंदणी महानिरीक्षकांकडे. दोन्हींची राज्याची मुख्य कार्यालयं आपल्या पुण्यातच, पण पोर्टल एकमेकांना ओळख देत नाहीत.

मुळाकाठ
सूची दोनची फुकट शोध सेवा आहे ना? नोंदणी विभागाच्या साइटवर ‘ई-सर्च’मध्ये. त्यात काही सापडतच नाही, अशी सगळ्यांची ओरड असते.

सूची_दोन
सापडतं. विचारायचं कसं ते कळलं पाहिजे. सविस्तर लिहिते.

साइट उघडली की तीन भाग दिसतात. मुंबई, उर्वरित महाराष्ट्र, शहरी भाग. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव, मिळकत क्रमांक आणि कॅप्चा भरा. पहिल्यांदा ‘शोधा’ दाबलं की पान नुसतं हलतं आणि नवा कॅप्चा येतो. तो पुन्हा भरून पुन्हा ‘शोधा’ दाबायचं. यादी या दुसऱ्या फेरीत येते. पहिल्याच फेरीत काही आलं नाही म्हणून लोक पान बंद करून मोकळे होतात.

एका वेळी एकच वर्ष शोधता येतं. दहा वर्षं बघायची तर दहा शोध, म्हणजे वीस कॅप्चा.

मिळकत क्रमांकात सर्व्हे नंबर ४५/२/१ असेल तर नुसता ४५ टाका. दस्त नोंदवताना कुणी हिस्सा एका रकान्यात भरतं, कुणी सगळं वर्णनात कोंबतं. पूर्ण नंबर टाकलात तर निम्मे दस्त निसटतात. मग सर्व्हे नंबरने एकदा, सिटी सर्व्हे नंबरने एकदा, असा दोनदा शोध घ्या. जुन्या दस्तात सर्व्हे नंबर असतो, नव्यात बहुधा सि.स.नं.

आणि गावाचं नाव. इथे पुणेकर हमखास अडकतो. यादीत वसाहतीचं नाव नसतं, मौज्याचं म्हणजे महसुली गावाचं असतं. कर्वेनगर शोधू नका, हिंगणे बुद्रुक शोधा. सहकारनगर म्हणजे पर्वती. प्रभात रोड एरंडवण्यात. मगरपट्टा हडपसरमध्ये.

यादी आली की उजवीकडच्या बटणावर सूची क्रमांक दोन उघडते. त्यात मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक आणि वर्णन, लिहून देणारा, लिहून घेणारा, दस्ताच्या आणि नोंदणीच्या तारखा, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क. वर्णनाचा परिच्छेद नीट वाचा. सदनिका क्रमांक, मजला, पार्किंग सगळं त्यातच दडलेलं असतं.

मुळाकाठ
_/\_ वाचनखूण साठवली.

हवेली_सतरा
सूची_दोन यांच्यात भर. दस्त क्रमांक माहीत असेल तर वरची कसरत नको. दस्त क्रमांकाने शोध वेगळा आहे. जिल्हा, दुय्यम निबंधक कार्यालय, वर्ष, क्रमांक. पण कार्यालय बरोबर निवडा. हवेली तालुक्यात (पुणे शहर त्यातच) दुय्यम निबंधक कार्यालयं भरपूर आणि दस्त यांपैकी कुठेही नोंदवता येतो. कोथरूडचा फ्लॅट असला तरी दस्त शहराच्या दुसऱ्या टोकाला झालेला असू शकतो. दस्ताच्या प्रत्येक पानावरच्या शिक्क्यात ‘हवल’ आणि त्यापुढे आकडा असतो, तो कार्यालयाचा. नुसता ‘दस्त क्रमांक ४५६७’ सांगून उपयोग नाही, त्या वर्षी बऱ्याच कार्यालयांत एकेक ४५६७ असतो.

आणि मुंबई सोडून बाकी राज्यातली संगणकीय सूची साधारण २००२ पासूनची. तीस वर्षांचा शोध पूर्णपणे घरबसल्या होत नाही. मागची वर्षं सूचीच्या जाड वह्यांत, कार्यालयात जाऊन.

गुलटेकडी
आणि त्या शोधाची फी? ती तर आणखी मजेशीर आहे म्हणे.

हवेली_सतरा
वर्षाला २५ रुपये. तीस वर्षांचे ७५०. वकिलाच्या शोध अहवालाला जोडलेलं ७५० चं चलन अनेकांनी पाहिलं असेल. ग्रास या शासनाच्या पैसे भरायच्या साइटवर चलन काढायचं, ‘एमएच’ने सुरू होणारा १८ अक्षरांचा जीआरएन म्हणजे चलनाचा क्रमांक मिळतो. चलन काढण्याआधी दर तेवढा ताजा बघून घ्या. ही फी शोधाची आहे, सापडण्याची नाही. तीस वर्षांत एकही दस्त निघाला नाही तरी ७५०.

तिरकस
वधूवर सूचक मंडळासारखं.

फाइलचोर
हसू नका, खरा आक्षेप इथेच आहे. काही सापडलं नाही, हीसुद्धा खरेदीदाराच्या दृष्टीने मोलाची माहिती असते, हे कबूल. पण वह्या चाळायला माणूस लागतो म्हणून वर्षाप्रमाणे दर ठेवला गेला. संगणकाला एक वर्ष काय नि तीस काय. दर मात्र वहीचाच राहिला.

चष्मेबद्दूर
मग माहिती अधिकारात मागा की! दहा रुपयांचा अर्ज, दोन रुपये पान. सातबारासाठी पंधरा कशाला?

फाइलचोर
हा सल्ला दर धाग्यावर येतो आणि दर वेळी चुकतो. ज्या नोंदीची प्रत देण्याची स्वतंत्र कायदेशीर पद्धत आणि फी ठरलेली आहे, ती नोंद माहिती अधिकारातून मागितली की ‘ठरलेल्या पद्धतीने घ्या’ असं उत्तर येऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनी निबंधकांच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली होती. शिवाय उत्तराची मुदत ३० दिवस. तीन रुपये वाचवायला महिनाभर थांबायचं?

माहिती अधिकार वापरा तो ज्याला पोर्टलच नाही त्यासाठी. बांधकाम परवानगीची फाइल, तक्रारीवरचा कारवाई अहवाल, निविदा, मोजमाप पुस्तिका. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. पाणी, रस्ता आणि झाडं एकाच अर्जात घातलीत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगू शकतात. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, अपिलाला २० रुपये. ३० दिवसांची मुदत उलटली तर कलम ७(६) खाली माहिती फुकट द्यावी लागते. मुदतीनंतर आलेलं पानांचं बिल मुकाट्याने भरू नका, पोचपावतीची तारीख दाखवा.

चष्मेबद्दूर
बरं, तीन रुपये परत घेतो. पण कलम ४ चं काय? स्वतःहून जाहीर करायची माहिती?

फाइलचोर
तो मुद्दा बळकट आहे. कलम ४(४) म्हणतं की अशी माहिती फुकट, नाहीतर माध्यमाच्या किंवा छपाईच्या खर्चाइतक्या किमतीत द्यावी. पीडीएफला माध्यमाचा खर्च जवळपास शून्य. फीच्या विरोधात भांडायचं तर या कलमावरून भांडा, दहा रुपयांच्या अर्जावरून नको. प्रत नकोच, नुसती फाइल बघायची असेल तर पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो. सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली खुल्या ठेवायची पद्धत पुणे महापालिकेतूनच पुढे गेली आणि २०१८ मध्ये राज्याने तिचं परिपत्रक काढलं. अर्थात सोमवारी उठून थेट जाऊ नका, त्या विभागाला आधी विचारा.

परदेशी_पुणेकर
माहितीसाठी: इंग्लंडमध्ये जमीन नोंदणीचा साधा उतारा ३ पौंडांना मिळायचा, डिसेंबर २०२४ पासून ७ पौंड. आपला पंधरा रुपयांचा सातबारा जगात स्वस्तच म्हणायचा.

गुलटेकडी
तिकडे पगारही पौंडांत मिळतो.

अर्धा_चहा
मुद्द्याचं. डिजिटल सहीच्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, बँक घेत नाही म्हणते, अशी तक्रार फार ऐकू येते. हे काय प्रकरण आहे?

गटनंबर
सही खोटी नसते. तुमच्या संगणकाला सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, एवढंच. फाइल अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या दर्शकात हे होत नाही. प्रश्नचिन्हावर उजवं बटण, सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग शो सायनर्स सर्टिफिकेट. ट्रस्ट या टॅबवर ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, पुढच्या चौकटीत खुणा करून ओके. परत येऊन व्हॅलिडेट सिग्नेचर. हिरवी खूण आली की छापा. एका संगणकावर एकदा केलं की त्याच प्रमाणपत्राच्या पुढच्या फाइलींना पुन्हा करावं लागत नाही.

आणि बँकेला छापील कागदाबरोबर मूळ फाइलही पाठवा. कागद स्कॅन करून पाठवलात तर सही मेली, उरलं ते सहीचं चित्र.

सूची_दोन
पैसे भरण्याआधीचं थोडं माझ्याकडून. आधी महाभूलेखवर फुकट उतारा उघडून हिस्सा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. ४५/२/१ आणि ४५/२/१अ शेजारी शेजारी असतात. चुकीचा निवडलात तर १५ रुपये गेले, परत मिळत नाहीत. त्याच उताऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि दिनांक असतो, प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही असतं. फेरफार प्रलंबित असेल तर आज सहीची प्रत घेण्यात अर्थ नाही. तो मंजूर झाला की ती जुनी झाली. फेरफार कुठवर आला ते ‘आपली चावडी’वर फुकट दिसतं, हरकतीची १५ दिवसांची नोटीससुद्धा तिथेच लागते.

वॉलेटमध्ये लागतील तेवढेच भरा. खात्यातून पैसे गेले आणि वॉलेट रिकामं दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टाकून पेमेंट स्टेटस तपासायची सोय आहे, बऱ्याचदा तेवढ्याने रक्कम जमा होते. आणि फाइल लगेच जपून ठेवा, पुन्हा उतरवायची मुदत ७२ तासांचीच.

पोटखराबा
पेठांमधल्या आणि जुन्या हद्दीतल्या लोकांसाठी: जिथे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालंय तिथे सातबारा शोधत बसू नका, मालमत्ता पत्रक म्हणजे जुनी आखीव पत्रिका बघा. अडचण मधल्या पट्ट्यात येते. काही ठिकाणी पत्रक तयार झालं आणि सातबाराही चालूच राहिला. विकणारा त्यातला सोयीचा कागद दाखवतो. दोन्ही काढा, क्षेत्र जुळतं का बघा. दोन्ही फुकट बघून मग पैसे भरलेत तर उत्तम.

कॅम्पातली_ताई
नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांनी महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची साइट, विसरू नका. प्रकल्पाच्या पानावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, वकिलाचा मालकी हक्क अहवाल फुकट असतो. मालमत्ता कराचं बिलही महापालिकेच्या साइटवर फुकट दिसतं. फक्त ते मालकीचा पुरावा नव्हे. ऑनलाइन कागद काढून देणारे दुकानदार तोच कागद ‘मालकीचा उतारा’ म्हणून हातात ठेवतात.

चष्मेबद्दूर
सगळं फुकट केलं तर एक धोका आहे, तो कुणी बोललं नाही. सूची दोनमध्ये नावं आणि किंमत असते. यंत्राने सगळं गाव खरडून नेलं की दुसऱ्या दिवशी गृहकर्जवाल्यांचे फोन. फी हा थोडा तरी अडसर आहे.

सूची_दोन
नाही पटलं. ज्याला गाव खरडायचंय तो पंधरा रुपयांनी अडत नाही, धंद्याचा खर्च म्हणून भरतो. अडतो तो ज्याला एकच कागद बघायचाय तो. खरडणाऱ्याला रोखायचं तर एका क्रमांकावरून दिवसाला इतकेच शोध, अशी मर्यादा घाला. वीस कॅप्चाचा वैताग तसाही सामान्य माणसालाच होतो.

गुलटेकडी
एवढं वाचून माझं मत थोडं सरकलं. सहीच्या प्रतीला १५ ठीक. पण मूळ प्रश्नाचं एक टोक लोंबकळतंच आहे. ४५, ९०, १३५ असा हद्दीप्रमाणे दर का? सही तीच.

फाइलचोर
सरळ पटीत आहे, बघा. ४५ चे दोन पट ९०, तीन पट १३५. शहरातली जागा महाग म्हणून कागद महाग, एवढाच तर्क दिसतो. तो मुद्रांक शुल्काला शोभतो, कारण तिथे किमतीवर आकारणी असते. नकलेला नाही. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या वाड्याला १३५ आणि हद्दीबाहेरच्या दहा एकरांच्या सातबाराला १५, याचं समर्थन मला तरी सुचत नाही.

पोटखराबा
वाड्याला वारस बारा असतात. प्रत्येकी सव्वाअकरा रुपये. ;)

मुळाकाठ
एक शेवटचं. सूची_दोन ताई, शिवाजीनगरची २०११ ची खरेदी शोधायची तर गाव कोणतं निवडू? यादीत शिवाजीनगर दिसतंय.

सूची_दोन
दोन्हींनी बघा. आधी शिवाजीनगर, नाही मिळालं तर भांबुर्डा, म्हणजे त्याचंच जुनं नाव. भांबुर्डे, भांबूर्डा असंही लिहिलेलं असू शकतं, म्हणून नाव पूर्ण टाइप करू नका. पहिली दोन-तीन अक्षरं टाकून थांबा आणि खाली येणाऱ्या यादीतून निवडा. कॅप्चा दोनदा, विसरू नका.